ऑनलाइन मागवलेलं ऑर्किड सुकतंय? झारी खाली ठेवा, आधी मुळं बघा

ऑर्किड घरी येऊन दोन-तीन आठवडे झाले आणि यातलं काही दिसायला लागलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

- पानं मऊ पडलीत, त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्यात आणि पाणी घालूनही ती ताठ होत नाहीत.
- खालचं पान पिवळं होऊन गळलं आणि आठवड्याभरात त्याच्या वरचंही तसंच झालं.
- कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतायत.
- रोपाला बोट लावलं की ते कुंडीत डुगडुगतं.
- कुंडीला कुबट वास येतो, भोवती बारीक चिलटं फिरतात.
- कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरलाय आणि मुळांची टोकं काळी पडलीत.
- दोन महिने उलटले, तरी नवं पान नाही की नवं मूळ नाही.

यातलं पहिलं लक्षण सगळ्यात फसवं. पानाला सुरकुती दिसली की आपला हात आपसूक झारीकडे जातो. पण सुरकुतीचा अर्थ एवढाच, की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. त्याची कारणं दोन असतात. एक तर कुंडीत पाणीच नाही, किंवा पाणी भरपूर आहे पण ते ओढून घ्यायला जिवंत मूळ उरलेलं नाही. पान दोन्ही वेळा हुबेहूब सारखंच दिसतं. पहिल्या वेळी पाणी घातलं की रोप वाचतं. दुसऱ्या वेळी त्याच पाण्याने उरलीसुरली मुळंही कुजतात.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत मी आठ वर्षं ऑर्किड वाढवतेय. माझी स्वतःची, नात्यातली, सोसायटीतली अशी खोक्यातून आलेली कितीतरी रोपं माझ्या ओट्यावर उघडली गेली आहेत. बहुतेकांचं दुखणं हेच निघालं: आत मुळं मेलेली आणि वरून रोज पाणी. सुरुवातीची दोन-तीन रोपं मीही अशीच घालवली, आणि त्याची हळहळ अजून आहे.

दुसरी अडचण अशी, की पान फार उशिरा बोलतं. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची पानं जाड असतात, त्यांत पाण्याचा साठा असतो. मुळं गेली तरी त्या साठ्यावर रोप कित्येक दिवस टवटवीत दिसतं, फुलंसुद्धा धरून ठेवतं. म्हणून खोक्यातून निघालेलं हिरवंगार रोप बघून निर्धास्त होऊ नका. पानं जी तक्रार महिन्याने करणार आहेत, ती मुळं पहिल्याच दिवशी सांगतात.

जिवंत मूळ कसं असतं

सह्याद्रीच्या घाटात आंब्याच्या, ऐनाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी (तीही ऑर्किडच) ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चटकन समजेल. तिची मुळं सालीला चिकटून उघड्यावर असतात. सर आली की भिजतात आणि वारा सुटला की थोड्या वेळात कोरडी होतात. दुकानात मिळणारी बहुतेक ऑर्किडं याच स्वभावाची आहेत. त्यांच्या मुळांना पाणी हवं तितकीच हवाही हवी. मुळाभोवती वेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. ते मृत पेशींचं बनलेलं असतं आणि पाणी लागताच शोषून घेतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चांदीसारखं पांढरट दिसतं. ओलं झालं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. हा रंगबदल म्हणजे आपली फुकटची चाचणी. (ही वेणी बघून ती फांदीवरून ओरबाडून घरी आणायचा मोह मात्र कृपा करून टाळा. ती रोपं घरात सहसा जगत नाहीत आणि जंगलातून मात्र कायमची जातात.)

आता तपासण्या. क्रम मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे ठेवलाय. पहिल्या चारांना पैसा लागत नाही आणि रोपाला धक्काही बसत नाही. तिथेच उत्तर मिळालं तर पुढे जाऊ नका.

१. खोकं उघडताना: नाक आणि मोबाइल

खोकं फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा. बरेच विक्रेते त्याशिवाय तक्रारच घेत नाहीत. पानांचे, फुलांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही मुळांचा आणि बुंध्याचा जवळून फोटो काढा, त्याच दिवशी, पाण्याचा थेंबही लावायच्या आधी. पाणी घातलं की "तुम्हीच जास्त पाणी घातलंत" हे उत्तर तयार असतं, आणि त्यावर आपल्याकडे पुरावा उरत नाही.

मग वास घ्या. चांगल्या मुळांना ओल्या सालीचा, पहिल्या पावसात रानात येतो तसा वास असतो. कुजलेल्या मुळांचा वास नाशिककरांना वेगळा सांगायला नको. कांदाचाळीत तळाचा एखादा कांदा सडला की दारातूनच कळतं, तशातलाच तो. हा वास आला तर मधल्या तपासण्या सोडून थेट पाचवीला जा. थांबण्यात रोपाचं नुकसान आहे.

वासाला एवढं महत्त्व का? ओलं मॉस (कुंडीत मातीऐवजी भरलेलं शेवाळ), बंद खोकं, चार-सहा दिवसांचा प्रवास आणि अंधार. नर्सरीत पंखे आणि जाळीखालचा वारा असतो, तिथे जे मॉस व्यवस्थित वाळत होतं ते खोक्यात वाळत नाही. कुजण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते, तुमच्या घरी नाही.

२. उचला आणि हलवा

कुंडी हातात घ्या. पाच-सहा दिवसांच्या प्रवासानंतरही ती जड लागली तर आत पाणी साठलंय. हलकी लागली तर रोप तहानलेलं असू शकतं. मग बुंध्याला दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा. मुळं धरलेली असतील तर रोपाबरोबर अख्खी कुंडी हलते. नुसतंच रोप डुगडुगत असेल तर त्याला धरून ठेवणारं आत काही नाही.

पारदर्शक कुंडी असेल तर आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसतात का बघा. थेंब आहेत तोवर पाणी नको, पानं कितीही मलूल दिसोत.

३. वीस मिनिटांचं पाणी

ही तपासणी फक्त उघड्या मुळांनी, कागदात गुंडाळून आलेल्या कोरड्या रोपांसाठी. व्हँडा आणि बरीच डेंड्रोबियम ही ऑर्किडं अशी येतात. ओल्या मॉसमध्ये आलेल्या रोपाला ही करू नका.

घमेल्यात साधं पाणी घ्या. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं गार पाणी तसंच घेऊ नका, घरात थोडा वेळ ठेवून मग वापरा. फक्त मुळं बुडतील इतकंच पाणी ठेवा. पानांच्या बेचक्यात पाणी जाऊ देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी बघा. जी मुळं हिरवी झाली ती कामाची. जी पिवळट-पांढरीच राहिली, किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तपकिरी झाली, त्यांच्यावर संशय धरा. पण लगेच कात्री नको. काही जातींत आवरण जाड असतं आणि हिरवेपणा नीट दिसत नाही, म्हणून पुढची तपासणी केल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

४. दाबून बघा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या तपासणीवर आहे. अंगठा आणि तर्जनीत मूळ धरून हलका दाब द्या, बुंध्यापासून टोकापर्यंत.

ताज्या फरसबीसारखं भरीव लागलं तर मूळ जिवंत आहे, मग रंग कोणताही असो. दाबताच पचकलं, पाणी सुटलं, तर कुजलंय. चपटं, पोकळ, कागदासारखं लागलं तर वाळून मेलंय. या शेवटच्या दोन्हींत फरक आहे आणि तो कामाचा आहे. कुजलेलं मूळ शेजारच्याला लागण देतं, त्यामुळे ते आजच काढायचं. वाळून मेलेलं मूळ निरुपद्रवी असतं. सवडीने काढलं तरी चालतं, आणि कधीकधी रोप कुंडीत रोवून ठेवायला त्याचाच आधार होतो.

रंगावर जाऊन लोक चांगली मुळं कापून टाकतात, ते बघून जीव तुटतो. नारळाच्या हस्कमध्ये वाढलेली मुळं त्या रंगाने तपकिरी होतात, पण आतून ठणठणीत असतात. ऑन्सिडियमची मुळं मुळातच दोऱ्यासारखी बारीक असतात आणि जुनी झाली की काळवंडतात. फॅलेनॉप्सिसची जाड मुळं डोळ्यांसमोर ठेवून त्यांना नापास करू नका. डेंड्रोबियमच्या जुन्या काठ्यांवर (म्हणजे खोडांवर) सुरकुत्या असणं हाही आजार नव्हे. नवी काठी भरलेली आहे का आणि तिच्या पायथ्याशी पांढरं मूळ दिसतंय का, तेवढं बघायचं.

व्हँडाबद्दल वेगळं सांगायला हवं. तिची लांब मुळं खोक्यात बसवताना मुडपतात, वरचं आवरण फाटतं आणि आतली पांढरट तार दिसते. ते मूळ मेलेलं नाही. आतली तार शाबूत असेल तर मुडपलेल्या जागेपलीकडचा भागही पाणी पोचवत राहतो, त्यामुळे त्याला कात्री लावू नका. थायलंडच्या किंवा केरळच्या दमट हवेत वाढलेली ती मुळं नाशिकच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत टोकाकडून थोडी वाळणारच. मुळाच्या टोकाला नवा हिरवा किंवा तांबूस कोंब फुटला की समजा, रोपाने आपली हवा मानली.

चौथ्या तपासणीअखेर तीन-चार तरी भरीव मुळं हाताला लागली, वास नाही, बुंधा टणक आहे, तर रोप ठीक आहे. त्याला सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवा आणि हात लावू नका.

५. कुंडीतून बाहेर काढा, मधला गोळा शोधा

इथून पुढे रोपाला त्रास होतो, म्हणून कारण असेल तरच करायचं. पण मॉसमध्ये आलेल्या फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत कारण बहुतेक वेळा असतंच.

गेल्या मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस घेऊन वर आल्या.

"अगं, दहा दिवस झाले येऊन. पानं बघ कशी मलूल झालीत. उन्हाळा आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय मी."

कुंडी हातात घेतली तर चांगलीच जड.

"काकू, कुंडीतून काढून बघू या का?"

"अगं, फुलं आहेत त्याला!"

"फुलांना जपून काढते. पण मुळं बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

ओट्यावर पेपर पसरला, कुंडी आडवी करून कडेकडेने दाबली आणि रोप अलगद सोडवलं. बाहेरून मॉसचा गठ्ठा आणि कडेला तीन छान हिरवी मुळं. काकूंचा चेहरा खुलला. पण बोटांनी मॉस सोडवत आत जावं तसतसा त्याचा रंग काळा होत गेला, आणि ऐन मधोमध प्लास्टिकची जाळीदार वाटी निघाली, चहाच्या गाळणीएवढी. तिच्यात दाबून बसवलेला स्पंजासारखा गोळा. रोप बाळ असताना नर्सरीत त्या गोळ्यात लावलेलं असतं, आणि पुढे वाढेल तसं वाटीसकट मोठ्या कुंडीत सरकवतात. बाहेरचं मॉस वाळलं तरी हा गोळा ओलाच राहतो आणि तो नेमका बुंध्याखाली असतो. वरून बोट घालून बघणाऱ्याला कोरडं लागतं, मग तो आणखी पाणी घालतो.

लहान कात्रीने जाळी चार ठिकाणी कापून काढली. एक मूळ दोन बोटांत धरून हलकं ओढलं, तर भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसं आवरण सटकन हातात आलं आणि मागे केसाएवढी तार उरली. अकरा मुळांपैकी आठ अशीच. काकू बराच वेळ त्या तारांकडे बघत बसल्या. "म्हणजे मी पाणी घालत होते ते प्यायला कुणीच नव्हतं," एवढंच म्हणाल्या. मला त्यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

तर तुमचं फॅलेनॉप्सिस मॉसमध्ये आलं असेल, तर बुंध्याखाली हा गोळा आहे का एवढं जरूर बघा. असेल आणि मुळं चांगली असतील तर फुलं संपेपर्यंत थांबलात तरी चालेल, फक्त पाणी बेताने घाला. वास येत असेल तर फुलांकडे बघू नका, त्याच दिवशी काढा.

६. कात्री

कात्री किंवा ब्लेड गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरा, गार होऊ द्या, मग वापरा. दुसऱ्या रोपाकडे जाताना पुन्हा तसंच. हा सोपस्कार वाटेल, पण सिंबिडियम मोझॅकसारखे विषाणू कात्रीला लागलेल्या रसातून एका रोपातून दुसऱ्यात जातात आणि त्यांच्यावर औषध नाही. ब्लेड स्वस्त असतं, शक्य असेल तर प्रत्येक रोपाला नवं घ्या.

कुजलेलं मूळ भरीव भाग लागेपर्यंत मागे कापत जा. आतली तार पांढरी-हिरवट दिसली की थांबा. कापल्या जागी दालचिनीची पूड टेकवा, पण अगदी चिमूटभर आणि फक्त जखमेवर. ती पाणी ओढून घेते, त्यामुळे चांगल्या मुळांवर भुरभुरली तर तीही वाळतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. कुजलेल्या भागावर फेस येतो तसाच तो जिवंत पेशींनाही भाजतो.

आपल्याकडचा एक धोका मुद्दाम सांगते. नाशिकमध्ये घरटी नाही तरी नात्यात कुणाची ना कुणाची द्राक्षबाग असतेच, आणि तिथून मोरचूद नाहीतर बोर्डो, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, हमखास मिळतं. माझ्या दिरांनीही प्रेमाने बाटली भरून दिली होती. द्राक्षाला ते चालतं. ऑर्किडला, त्यातही डेंड्रोबियमला, तांबं सोसत नाही. कोवळे कोंब आणि मुळांची टोकं जळतात. घरातलं बागेचं औषध अंदाजाने ऑर्किडवर ओतू नका.

मुळं कापून झाली की फुलांचा दांडाही कापा. अर्ध्याहून जास्त मुळं गेलेली असतील तर यात दयामाया नको. फुलं धरून ठेवायला रोप पानांतला साठा खर्च करतं, आणि तोच साठा नव्या मुळांना लागणार आहे. काकूंचा दांडा कापून तांब्यात ठेवला, तर तिथे फुलं दोन आठवडे टिकली.

७. पाणी आणि कुंडीतलं माध्यम

मुळं कुजलेली नाहीत पण टोकं काळी आहेत, कुंडीच्या कडेला पांढरं साचलंय, असं असेल तर दोष क्षारांचा. महापालिकेचं गंगापूर धरणातून येणारं पाणी मला आजवर चाललंय. बोअरच्या पाण्याने मात्र माझ्या व्हँडाची टोकं एका उन्हाळ्यात जळली. सोसायटीत टँकर किंवा बोअर चालू असेल त्या दिवसांत आरओचं शुद्ध पाणी द्या किंवा पावसाचं साठवून ठेवा. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही देऊ नका, सगळे क्षार त्यातच असतात.

नवं माध्यम मोकळं हवं. पाइनची साल, लोणारी कोळसा, नारळाच्या हस्कचे तुकडे, यांपैकी काहीही. पंचवटीत नारळाची सालं सहज मिळतात, पण ती तशीच भरू नका. चोवीस तास भिजवा, दोन-तीनदा पाणी बदला, त्यांतला क्षार आणि लाल रंग निघून जायला हवा. कोकोपीटची भुकटी नको. ती गच्च बसते आणि मुळांची हवा बंद करते. माती तर नाहीच, आपली काळी चिकणमाती म्हणजे ऑर्किडला जिवंत पुरणं.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या मापाची नाही. पानांचा पसारा मोठा असला तरी तीनच मुळं उरली असतील तर लहान पारदर्शक कुंडी. मोठ्या कुंडीत मधला भाग आठवडाभर ओला राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू होतं. रोप डुगडुगत असेल तर बांबूच्या काडीला सैल बांधा, कारण हलत्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं घासून मोडतात. पुनर्लागवडीनंतर पहिले तीन-चार दिवस पाणी नको, कापलेल्या जखमा आधी वाळू द्या. त्यानंतर पाणी द्यायच्या आधी बांबूची कोरडी काडी मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर आली तर आज पाणी नाही.

एकही मूळ उरलं नाही तर

बुंधा आणि गाभा टणक असेल तर अजून आशा आहे. दमट पण न टपकणारं मॉस घट्ट पिळून पारदर्शक पिशवीत घाला आणि रोप असं ठेवा की बुंधा मॉसच्या वर राहील, त्याला टेकणार नाही. पिशवीचं तोंड सैल बांधा, रोज पाच मिनिटं उघडा. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. मे महिन्यात खिडकीत ऊन येत असेल तर पिशवीतलं रोप तासाभरात उकडून निघतं. नवं मूळ यायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही. या काळात दर चार दिवसांनी बाहेर काढून बघणं हा सगळ्यात मोठा घात. खत नको, टॉनिक नको, मुळंच नाहीत तर ते घेणार कोण?

पंधरा दिवसांतून एकदा फोटो काढून जुन्याशी ताडून बघा, म्हणजे उघडझाक करायची गरज पडत नाही. काकूंचं रोप तीन मुळांवर होतं. त्याला पिशवी लागली नाही, पण नवं मूळ दिसायला ऑगस्ट उजाडला. बुंध्याच्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक आलं, तेव्हा काकू सकाळी सातला दार वाजवून मला खाली घेऊन गेल्या.

मागवायचं कधी

नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असतो आणि खोकं दिवसभर बंद गाडीत पडून राहतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली येतो, निफाडकडे तर काही वर्षी ५ अंशांच्याही खाली. फॅलेनॉप्सिसला दोन्ही सोसत नाही. मी पावसाळा स्थिरावल्यापासून दिवाळीपर्यंत मागवते, क्वचित फेब्रुवारीत. आणि ऑर्डरआधी विक्रेत्याकडे फुलांचा नाही, मुळांचा फोटो मागते. जो मुळांचा ताजा फोटो पाठवायला तयार नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

काही गोष्टी घरच्या ओट्यावर सुटत नाहीत. तिथे हट्ट केला तर बाकीची रोपं धोक्यात येतात.

फॅलेनॉप्सिसचा गाभा, म्हणजे जिथून नवं पान येतं ती जागा, मऊ आणि काळी झाली असेल, मधलं पान ओढताच हातात येत असेल, तर थांबा. त्याला वाढीचं टोक एकच असतं, ते गेलं की वरून पान येत नाही. क्वचित बुंध्याजवळून पिल्लू फुटतं, पण त्या आशेवर इतरांच्या शेजारी ते ठेवू नका.

पानावर पाण्याने भिजल्यासारखा डाग पडून तो एका दिवसात पसरत असेल, वास मारत असेल, तर तो जिवाणूंचा कूज रोग असू शकतो. काळा डाग मुळाकडून खोडात चढताना दिसला तर काळी कूज. डेंड्रोबियम किंवा कॅटलियाचं खोड कापल्यावर आत जांभळट-गुलाबी कडं दिसलं तर ती फ्युझेरियमची खूण. या तिन्हींत आधी रोप घरातल्या बाकीच्यांपासून लांब न्या, हात आणि कात्री धुवा, कुंडीतलं माध्यम पिशवीत बांधून टाका, दुसऱ्या रोपाला वापरू नका. बुरशीनाशक कोणतं आणि किती, हे जाणकाराला विचारल्याशिवाय ठरवू नका. जिवाणूवर बुरशीनाशक चालत नाही, आणि घरी बसून दोन्हींत फरक करणं अवघड असतं.

पानांवर फिकट-गडद पट्टे, कडी किंवा खोलगट काळ्या रेघा येऊन त्या नव्या पानातही उमटत असतील, तर विषाणूची शंका घ्या. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय त्याची खात्री होत नाही.

एकच रोप असेल आणि ते स्वस्तातलं असेल, तर मन घट्ट करून टाकून द्या. पण एकाच खोक्यातल्या चार-पाच रोपांना आठवड्याभरात तेच झालं, किंवा तुम्ही विक्रीसाठी ऑर्किड वाढवत असाल, तर वनस्पती रोगशास्त्राच्या तज्ज्ञाकडेच जा. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे किंवा कृषी महाविद्यालयात विचारा. जाण्याआधी दोन दिवस कोणतंही औषध मारू नका, नाहीतर खूण पुसली जाते. अख्खं रोप मुळांसकट न्या, नुसतं पान तोडून नेऊ नका. ते प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे तर कोरड्या पेपरात गुंडाळा, आणि पहिल्या दिवशी काढलेला मुळांचा फोटो मोबाइलवर तयार ठेवा.